चाकोरी

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यावर आम्ही नकाशा काढायला बसलो. पेन चिखलीच्या दोस्ताच्या हातात होतं. त्यानं आधी पूर्णा नदी आडवी ओढली आणि तिच्या खालच्या अंगाला भराभर डोंगर काढले. नांदुऱ्याचा दोस्त बशीतला चहा फुंकत ते बघत होता. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "अबे, डोंगर नदीच्या वर असते." बैठकीचा पहिला तास तिथेच गेला.

बाहेरच्या माणसाला हा वाद कळायचा नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा असले तरी माणसं दोनच प्रकारची: घाटावरची आणि घाटाखालची. मधून अजिंठ्याची रांग आडवी गेली आहे. तिच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्यांची बोली मराठवाड्याकडे कललेली, खालच्यांची अस्सल वऱ्हाडी. घाटावर संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, तेव्हा खाली खामगावात आम्ही बनियनवर ओट्यावर बसलेलो असतो. पाणीसुद्धा एका दिशेनं जात नाही. घाटावर उगवणारी पैनगंगा वर्धेला, मग प्राणहितेला, मग गोदावरीला मिळून राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जाते. घाटाखालचे नदी-नाले पूर्णेत, पूर्णा तापीत आणि तापी सुरतेला अरबी समुद्रात. ज्या जिल्ह्याच्या पाण्याचं एकमत नाही, तिथल्या तेरा माणसांनी एका सहलीवर एकमत करायचं होतं.

तर, चिखलीकराचा डोंगर म्हणजे अजिंठा आणि आमचा डोंगर म्हणजे सातपुडा. तो जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर निळ्या भिंतीसारखा उभा असतो. पावसाळ्यात धुवून पुसून जवळ येतो, उन्हाळ्यात धुरकटून लांब जातो. शेवटी पान सुलटं-उलटं करून सातपुडाच ठरला. कारण साधं होतं. घाटावरच्यांनी तो जवळून पाहिलेला नव्हता, आणि घाटाखालच्यांनी लहानपणापासून रोज पाहूनही त्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

हे खूळ मुळात आमचं नव्हे. आमच्यातल्या एकाचा पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्यानं थार घेतली आणि दिवाळीत ती घेऊन आला. मग जेवताना, हात धुताना, पान खाताना एकच शब्द: ऑफ-रोडिंग. मी मराठीचा मास्तर, निवृत्त झालो तरी खोड जात नाही. मी विचारलं, याला मराठीत काय म्हणशील? तो म्हणाला, "काका, चाकोरीबाहेर जाणं." मला एकदम बरं वाटलं. तीस-बत्तीस वर्षं मुलांना हा वाक्प्रचार शिकवला. 'रुळलेला मार्ग सोडून' असा अर्थ फळ्यावर लिहिला. पण चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ, हे मुलांना दाखवायला कधी शाळेबाहेर नेलं नाही. शाळेच्या मागच्याच पांदणीत ती होती.

तेव्हा मीच म्हणालो, जाऊ. पन्नाशी-साठीतली माणसं. जन्मभर ज्याला ज्याची चाकोरी सापडलेली: कुणाचं बियाण्याचं दुकान, कुणाची बँक, कुणाचा दवाखाना, माझी शाळा. एकदा तरी चाक बाहेर काढू.

गाड्या तीन ठरल्या. पुतण्याची थार, कृषी केंद्रवाल्याची बोलेरो, आणि त्याच्याच वडिलांच्या वेळची आखूड बांध्याची जुनी जीप. ती सकाळी सुरू होताना सगळी गल्ली उठवते. थारमध्ये चार, जीपमध्ये चार, बोलेरोत पाच आणि मागे सामान. तालुके तेरा, माणसं तेरा. पण प्रत्येक तालुक्याचा एक असं मुळीच नव्हतं. देऊळगाव राजाचे दोघे होते आणि ते दोघे चौघांएवढं बोलत.

तारखेनं मात्र आमचा घाम काढला. डिसेंबरात कापसाच्या वेचणीला मजूर मिळेना, म्हणून शेतीवाले अडकलेले. जानेवारीत तुरी सोंगायच्या. माघ वद्य सप्तमीला शेगावला महाराजांचा प्रकटदिन. त्या आठवड्यात निम्मी मंडळी सेवेला आणि उरलेली पाहुण्यांच्या सेवेला. मग हरभरा, मग गहू. होळीला सैलानीची यात्रा. तिथे नारळांची होळी पेटते आणि चिखली-बुलढाण्याकडचे रस्ते भरून जातात. त्यानंतर लग्नसराई. पावसाळा तर बोलायचाच नाही. कंटाळून डॉक्टर म्हणाले, अक्षय तृतीयेला भेंडवळला जाऊन विचारू. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला त्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. धान्यं, पापड, कुरडई, पानसुपारी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाचून पाऊस, पीक, राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. "आपल्या सहलीचं एखादं धान्य मांडा म्हणावं," डॉक्टर म्हणाले. शेवटी होळीनंतरचा दुसरा रविवार पक्का झाला. तेव्हा पळस उतरणीला लागतो आणि मोहाची फुलं गळायला लागतात. ऊन असतं, पण चालतं.

जायचं कुठे, यावर पुतण्याचं म्हणणं होतं अंबाबरवा. संग्रामपूर तालुक्यातलं हे अभयारण्य १९९७चं, १२७ चौरस किलोमीटरांचं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. नकाशात बोटभर हिरवा ठिपका बघून त्याचे डोळे लकाकले. मी त्याला सांगितलं, बाबा, तिथे फाटकातून जायचं, परवानगीनं जायचं, आखलेल्या रस्त्यावरून जायचं. रस्ता सोडून चाक खाली उतरवायला तिथे मुभा नाही, आणि नसावी. बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगेलाही तोच नियम. तिथे परवानगी न काढता आलेला मला एकच माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तरुण वाघ. २०१९च्या जूनमध्ये तो तिथून निघाला. शेतं, नाले, महामार्ग, रेल्वे, गावांच्या कडा असं करत, मध्येच तेलंगणात डोकावून, सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगेत उतरला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. संशोधकांनी त्याला वॉकर नाव ठेवलं. आमच्या ओट्यावरच्या मंडळींनी त्याला पाहुणा म्हटलं. जोडीदारीण शोधत आला, ती इथे नव्हतीच. पण त्याच्या वाटेचा नकाशा छापून आला तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो होतो. कापसातून, तुरीतून, ओढ्याकाठच्या झुडपांतून गेलेली ती वेडीवाकडी रेघ! चाकोरीबाहेर जाणं म्हणतात ते हे. त्याला बैठक घ्यावी लागली नव्हती.

आम्ही अभयारण्य सोडलं. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्याच्या घड्यांमध्ये भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी अशी आदिवासी गावं आहेत. पलीकडे मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा. त्या बाजूला जायचं, वनखात्याला आधी कळवायचं, नाही म्हणाले तर पायथ्याशीच थांबायचं, असं ठरलं. पण वाट आधी कुणीतरी बघून यायला हवी होती. आणि वाट माहीत असलेलं माणूस आमच्यात एकच: ड्रायव्हरकाका.

काका सत्तरीचे. अंगानं काडी. आयुष्यभर डोंगराच्या पायथ्याला काळी-पिवळी चालवली. आत नऊ, मागे लोंबकळणारे चार आणि टपावर कोंबड्यांची टोपली. त्यांना मी सहलीची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "काम काय हाये तिथी?"

मी म्हटलं, काम नाही, सहज.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सहज जाणं लई अवघड असते, मास्तर. काम असलं की मानूस परत यायच्या घाईत असते, नीट चालवते."

जानेवारीत एका पहाटे काका, मी आणि पुतण्या, असे जुन्या जीपमधून निघालो. नांदुरा मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. येरळीच्या पुलावर काकांनी गाडी हळू केली. खाली पूर्णा बारीक झालेली, आणि दोन्ही काठ काळ्या मातीचे, उभे चिरलेले. इथून पुढे जमीन ताटासारखी सपाट. हा खारपाणपट्टा. विहीर खणावी तर पाणी खारं लागतं. माती भरपूर खोल, काळीभोर, आणि तिच्यात दगड म्हणून औषधाला सापडत नाही. पावसाळ्यात हीच माती चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीला आणखी माती चिकटते, आणि मडगार्डखाली चाकच फिरायचं थांबतं. लहानपणी सायकल खांद्यावर घेऊन आम्ही शेतातून परत यायचो. तेव्हा आम्ही सायकलवर नसायचो, सायकल आमच्यावर असायची. पुतण्यानं विचारलं, "काका, पावसाळ्यात इथे लो-गिअर टाकून नाही का निघत?" काका म्हणाले, "निंघते ना. ट्रॅक्टरच्या मांगं बांधून."

जळगाव जामोद ओलांडलं तशी भिंत फुटून तिचे डोंगर झाले. निळा रंग गेला. तपकिरी, करडा, मधेच सुकल्या सागाचा पिवळट असे रंग वर आले. पायथ्याला विहिरींचं पाणी पुन्हा गोड होतं, त्यामुळे संत्र्याच्या बागा दिसायला लागल्या. मग डांबर पातळ झालं, खडी उघडी पडली. एका वळणावर रस्त्यानं आपल्याला काही न सांगता हात सोडला आणि पुढे उरली ती गाडवाट. दोन रेघा आणि मध्ये गवताची पाठ.

काकांनी गाडी थांबवली, चपला काढून सीटखाली ठेवल्या आणि खाली उतरले. त्या दोन रेघांशी उकिडवे बसून त्यांनी हात घालून खोली मोजली. कोपरापर्यंत गेला.

"ही पाय," ते पुतण्याला म्हणाले, "तुमची चाकोरी."

मग त्यांनी जो तास घेतला, तसा मी हयातभर एकही घेतला नाही. बैलगाडीच्या दोन चाकांतलं अंतर आणि जीपच्या दोन चाकांतलं अंतर सारखं नसतं, म्हणून दोन्ही चाकं चाकोरीत बसत नाहीत. बसवायला गेलं तर गाडी कलते. आणि चाकोरी खोल असेल तर चाकं खाली जातात, मधली पाठ वर येते, मागच्या एक्सलचा फुगीर गोळा तिच्यावर टेकतो आणि चाकं हवेत गरगरतात. तेव्हा खोल चाकोरी दिसली की एक चाक मधल्या पाठीवर आणि एक बाहेरच्या काठावर घालून ती दोन चाकांच्या मध्ये घ्यायची. पण उथळ असेल, तर तिच्यातच राहायचं, कारण तिचा तळ पिढ्यान्‌पिढ्या दाबून घट्ट झालेला असतो. उतारावर क्लच दाबायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. नाल्यात पाणी दिसलं तर आधी माणूस घालायचा, मग गाडी. टोंगळ्याच्या वर पाणी गेलं की परत फिरायचं. चाकांतली हवा थोडी कमी करायची म्हणजे टायर दगडाला कवेत घेतो. हे शेवटचं पुतण्यालाही माहीत होतं. ते ऐकून त्याला जरा धीर आला.

"आणि चाकोरी सोडून बाहेर, असं?" पुतण्यानं हातानं डावीकडचं रान दाखवलं. सागाच्या पानांचा थर, मध्ये सालईची गुळगुळीत, कागदासारखी साल सुटलेली झाडं.

काका म्हणाले, "पाल्याखाली काय हाये ते बैलाले माहीत असते. चाकोरी जिथी जाते तिथी बैल जाऊन आलेला हाये. जिथी जात नाही, तिथी तो काहून गेला नाही ते आधी पाय."

मी वळून डबा शोधायचं निमित्त केलं. चाकोरीबाहेर पडायला म्हणून एवढा खटाटोप करून आलो, आणि पहिला धडा चाकोरी कशी वाचायची याचा. फळ्यावर तो शब्द लिहिताना मी नेहमी तोंड जरा वाकडं करत असे, हे मला तिथे आठवलं. चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबद्ध विचार. कोणत्या तरी बैलानं, कोणत्या तरी गाडीवानानं, या दगडांतून पहिल्यांदा वाट काढली असेल तेव्हा ती कोणाच्या तरी चाकोरीबाहेरचीच होती.

आम्ही वर चढत गेलो. काळ्या पत्थराचे नाले, त्यात गोल गुळगुळीत गोटे. गाडी त्यांच्यावरून जाताना आतली माणसं सुपातल्या दाण्यांसारखी होत होती. समोरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन बाया आल्या. वाट अरुंद म्हणून आम्हीच कडेला घेतली. त्या आमच्याकडे बघून हसल्या. साठीचा मास्तर गाडीच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळलाय हे दृश्य हसण्यासारखंच होतं. मागून एक मुलगा सायकल ढकलत आला, मागच्या कॅरिअरला पिठाची पिशवी. तो गाडीच्या पुढे गेला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला.

एका वळणावर काकांनी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "इथी माह्या गाडीत पोरगी झाली होती. बाईले खाली दवाखान्यात नेत होतो. पोहोचलोच नाही. तवापासून वाजवतो. आता त्या पोरीलेच दोन लेकरं हायेत."

पुतण्यानं त्या जागेचा फोटो काढला. नुसतं वळण होतं, एक पळस आणि तीन दगड.

खामगावला परतल्यावर पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि यादी करायला घेतली. जॅक, जॅकखाली घालायला फळी, दोर, फावडं, कुऱ्हाड, पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, डिझेलचा कॅन, पाणी. पाणी खामगावचंच, खारपाणपट्ट्यात भरायचं नाही. डॉक्टरांनी सापाच्या लशीचा विषय काढला आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते नकाशावर लाल पेननं लिहिलं. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग रोडगे आले.

रोडगे आमच्याकडे नुसतं खाणं नाही. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि पातळ वरण. डोंगरात, झाडाखाली, नाल्याकाठी रोडगे हे बहुतेकांच्या मनात सहलीचं खरं कारण होतं. गोवऱ्या किती, यावर घाटावरचे आणि घाटाखालचे प्रथमच एक झाले. मी म्हटलं, फाल्गुनात राखीव जंगलात विस्तव पेटवायचा नाही. वाळका पाला आहे, एक ठिणगी पुरते, आणि कायद्यानंही बंदी आहे. अशी शांतता मी शाळा तपासणीच्या दिवशीसुद्धा अनुभवली नव्हती. देऊळगाव राजाचा एक म्हणाला, "मग जायचं कशाला?" तासाभरानं तोडगा निघाला. पायथ्याला ओळखीच्या एकाचं संत्र्याचं शेत आहे, तिथे विहिरीजवळ रोडगे भाजायचे, आधी खाऊन मग चढायचं. पोटात रोडगे घेऊन त्या नाल्यातून जायचं म्हणजे काय, हे मी तिथून आलेला असल्यामुळे मला ठाऊक होतं. पण मी गप्प बसलो.

काका त्या बैठकीला आले होते. दाराशी स्टुलावर बसून सगळं ऐकत होते. निघताना त्यांनी बसण्याचा कागद मागितला. कोण कुठल्या गाडीत, तो. बराच वेळ बघून म्हणाले, "भरल्या गाड्या वर नेतान. मंग येताना?"

येतानाही हेच, आम्ही म्हटलं.

"नाही जमणार. वरून रिकामी जागा घेतल्याबिगर गाडी खाली आणू नये. कोनाले दवाखान्यात यायचं असते, कोनाले बाजारात, कोनाची परीक्षा असते. मी कधी आनली नाही. हरेक गाडीत एक जागा सोडान, तर मी संगं येतो."

पुतण्या म्हणाला, काका, आपण टॅक्सी थोडीच आहोत. काकांनी कागद घडी करून परत दिला आणि चपला घातल्या.

ते गेल्यावर कोणी फार बोललं नाही. काका नाहीत तर वाट नाही, हे सगळ्यांना समजत होतं. चौथी गाडी घ्यावी, असं एकानं सुचवलं. चौथीतही एक जागा सोडावी लागेल, हे दुसऱ्यानं लक्षात आणून दिलं, आणि डिझेलचा हिशेब तिसऱ्यानं मांडला. तीन गाड्या, तीन जागा. तेराचे दहा.

होळीला आता अडीच आठवडे आहेत. गोवऱ्यांची दोन पोती माझ्या परसात येऊन पडली आहेत. बसण्याचा कागद दिवाणखान्यात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपलं नाव आपल्या हातानं खोडावं म्हणून पेन दोरीनं बांधून ठेवलं आहे. आज सकाळी पाहिलं, नावं तेराच आहेत. सातव्या ओळीत माझंही आहे.